घशाखाली उतरतं तेच औषध

दसरा-दिवाळी उलटली की केज तालुक्यातल्या नांदूरघाटासारख्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पुढचे पाच-सहा महिने संसार पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कुठल्या तरी कारखान्याच्या हद्दीत, पाचटाच्या कोपीत. तिथं एखाद्या लेकराची छाती भरली, ताप चढला, तर जवळचा डॉक्टर तपासतो आणि पुष्कळदा अँटिबायोटिकची एक छोटी बाटली देतो. बाटलीत पातळ औषध नसतं, तळाशी भुकटी असते. औषध आईनं तयार करायचं असतं. पाणी उकळायचं, गार करायचं, थोडं बाटलीत घालून जोरात हलवायचं, फेस बसेपर्यंत थांबायचं आणि मग खुणेपर्यंत उरलेलं पाणी घालायचं. फेस बसायच्या आतच खूण गाठली असं वाटलं, तर पाणी कमी पडतं आणि चमच्यागणिक मात्रा जास्त जाते. पाणी खुणेच्या वर गेलं, तर औषध पातळ होतं. पुढे ती बाटली थंड जागी ठेवायची, दर वेळी हलवायची आणि ठरलेल्या दिवसांत संपवायची. हे सगळं बाटलीवर छापलेलं असतं, पण बारीक इंग्रजी अक्षरांत. पहाटेच्या अंधारात फडावर जाणाऱ्या बाईनं सरपण, उकळलेलं पाणी, थंड जागा आणि इंग्रजी हे सगळं कुठून आणायचं? त्यातूनही औषध तयार झालं, तर लेकरू पहिला चमचा थुंकून टाकतं. मग एकजण हात धरतो, दुसरा नाक दाबतो. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण आपल्या घराघरांत अशी अक्षरशः अमलात येते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की ही झटापट कुणालाच नको असते आणि अर्धी बाटली कोपीच्या कुडाला अडकून राहते.

इथं निदान चुकलेलं नाही, औषधही चुकलेलं नाही. चुकलं ते हातापासून घशापर्यंतच्या शेवटच्या वीतभर अंतरात. आपल्याकडे या अंतराची जबाबदारी सरसकट रुग्णावर किंवा त्याच्या आईवर टाकली जाते. 'औषध घेत नाही' ही रुग्णाविरुद्धची तक्रार असते, औषधाविरुद्धची कधीच नसते. औषधाची चव, वास, आकार आणि ते देण्याची रीत हा औषधाचाच भाग आहे, त्यामुळे तो नीट जमवणं हे औषध बनवणाऱ्याचं, लिहून देणाऱ्याचं आणि हातात ठेवणाऱ्याचं काम आहे, असं मला ठामपणे वाटतं. याला लाड म्हणणाऱ्यांनी आधी जिभेचं म्हणणं ऐकून घ्यावं.

कडू चव ही शरीराची राखण आहे. वनस्पतींतली कितीतरी विषं कडू असतात आणि ती ओळखण्यासाठी माणसाच्या जिभेवर सुमारे 25 प्रकारचे कडूपणाचे ग्राहक असतात. गोडासाठी इतकी विविधता निसर्गाला लागलेली नाही. कडू पदार्थ तोंडात गेला की तोंड वाकडं होणं, लाळ सुटणं, ओकारी येणं हे आपोआप घडतं. दुर्दैव असं, की आपली पुष्कळ औषधं वनस्पतींतल्या त्याच कडू द्रव्यांच्या कुळातली किंवा त्यांच्यासारखी रचना असलेली आहेत. क्विनाइन आणि क्लोरोक्विन ही हिवतापाची औषधं, जुलाबात दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल, अगदी रोजचं पॅरासिटामॉल, सगळी कडू. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा गोड जास्त आवडतं, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे, आणि कडूपणा सहन करायला जी समजूत लागते ती त्यांच्यात अजून यायची असते. औषध थुंकणारं पोर हट्टी नसतं. त्याचं शरीर चोख काम करत असतं. आपणही कारलं करताना त्याला मीठ चोळून ठेवतोच की. मिठामुळे रस सुटतो हे खरंच, पण मिठातला सोडियम जिभेला जाणवणारा कडूपणाही दडपतो, हे शास्त्रज्ञांनी 1997 मध्ये दाखवून दिलं. भाजीसाठी आपण एवढी तजवीज करतो, औषधासाठी मात्र करायला तयार नसतो.

आपल्या जुन्या वैद्यकाला हे पक्कं ठाऊक होतं. आयुर्वेदात औषधाच्या जोडीला अनुपान सांगितलेलं असतं. ते कशाबरोबर घ्यायचं, मधाबरोबर की तुपाबरोबर, कोमट पाण्यातून की दुधातून, हे वैद्य औषधाइतक्याच गांभीर्यानं सांगतो. औषध घेण्याच्या वेळांतही घासाबरोबर आणि दोन घासांच्या मध्ये अशा वेळा वेगळ्या मोजलेल्या आहेत, म्हणजे जेवणात औषध कुठं बसवायचं याचाही बारकाईनं विचार झालेला आहे. सितोपलादी चूर्ण घराघरांत असतं, पण त्याचं प्रमाण फारसं कुणी पाहत नाही. खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलदोडा 2 आणि दालचिनी 1. एकतीस भागांत सोळा खडीसाखर, आणि चूर्णाचं नावही तिच्यावरूनच पडलेलं, कारण सितोपला म्हणजे खडीसाखर. हे चूर्ण चरकसंहितेत राजयक्ष्म्याच्या, म्हणजे क्षयाच्या प्रकरणात येतं. त्याच प्रकरणात आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. क्षयानं झिजलेल्या रुग्णाला एरवी कुणी खाणार नाही अशा प्राण्यांचं मांस द्यायचं असेल, तर ते दुसऱ्या, ओळखीच्या मांसाच्या नावानं द्यावं, नाहीतर त्याला किळस येईल, उलटी होईल, असं तिथं सांगितलं आहे. अशी फसवणूक आज कुणी करू नये. पण रुग्णाच्या मनाला आणि पोटाला ते पटलं पाहिजे, ही जाणीव त्या वैद्यांना किती खोलवर होती, ते यातून कळतं.

बाळगुटीकडेही याच नजरेनं पाहण्यासारखं आहे. सहाणेवर दुधाचे थेंब टाकून हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, सुंठ, हळकुंड, जायफळ, खारीक, बदाम एकेक उगाळायचं. कशाचे दोन वेढे, कशाचे चार. जायफळाचा अर्धाच, कारण त्यानं गुंगी येते. वेढा हे इथं मात्रेचं माप आहे. बाळ वाढेल तसे वेढे वाढवायचे, पोट बिघडलं तर एखाद्याचे कमी करायचे. कडू वेखंड आणि तुरट हिरडा खारीक-बदामाच्या गोडव्यात मुरवून बोटानं चाटवायचा. गोळी ठोकळ्यासारखी एकाच मापाची असते, गुटी बाळाच्या मापाची होते. एवढं सांगून हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे, की पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये असं आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि ते बरोबर आहे. सहाणेवरून जंतू पोटात जातात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर मुळीच चाटवू नये. मधातल्या एका जंतूच्या बीजाणूंमुळे बाळाच्या आतड्यात विष तयार होऊन त्याचे स्नायू लुळे पडू शकतात. गुटीतली द्रव्यं बाजूला ठेवली, तरी तिच्यामागचा विचार उचलण्यासारखा आहे.

आधुनिक औषधनिर्मितीत हा विचार मुलांच्या बाबतीत फार उशिरा आला. गोळ्या मोठ्यांसाठी बनत आणि मुलांना त्याच गोळीचा अर्धा किंवा पाव तुकडा, चमच्याच्या पाठीनं चुरून. पाव तुकड्यात पाव औषध आलं की नाही, ते देवच जाणे. 2007 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेनं मुलांसाठी चांगल्या औषधांचा ठराव केला, त्याच वर्षी मुलांसाठीची आवश्यक औषधांची पहिली वेगळी यादी निघाली आणि मुलांच्या मापाची औषधं बनवा अशी मोहीम सुरू झाली. तोवर मुलांसाठी मोठ्यांच्या गोळीचा तुकडा किंवा सिरप, एवढ्या दोनच वाटा होत्या. पुढच्या काळात तिसरी वाट पुढे आली, ती म्हणजे विरघळणारी गोळी. चमचाभर पाण्यात टाकली की ती मिनिटा-दोन मिनिटांत फुटून पसरते. हिवतापाचं चेरीच्या चवीचं असं औषध 2009 मध्ये आलं. त्याआधी आफ्रिकेतल्या पाच देशांत मुलांवर चाचणी होऊन, ते चुरलेल्या कडू गोळीइतकंच गुणकारी असल्याचं सिद्ध झालं होतं. कडूपणा काढला तर गुणही जाईल, या जुन्या समजाला त्या चाचणीनं पुरतं उत्तर दिलं.

चव झाकण्यामागचं शास्त्र समजायला अवघड नाही. लाळेत विरघळलेल्या पदार्थाचीच चव जिभेला कळते. तेव्हा औषध तोंडात विरघळू द्यायचं नाही आणि पोटात गेल्यावर विरघळू द्यायचं, एवढाच डाव असतो. गोळीवर साखरेचा किंवा पातळ पापुद्र्याचा लेप देणं हा त्यातला साधा उपाय. मेट्रोनिडाझोलला एक रासायनिक शेपूट जोडलं की ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून त्याचं सिरप पिववतं, आणि ते शेपूट पुढे शरीरात गळून पडतं. तिसरा उपाय म्हणजे औषधाचे मोहरीसारखे बारीक दाणे करून प्रत्येक दाण्यावर वेगळा लेप चढवायचा. या शेवटच्या उपायाचं मोठं उदाहरण मुंबईतलंच आहे. एचआयव्हीबाधित लहानग्यांना लोपिनाविर-रिटोनाविर या औषधजोडीचं सिरप दिलं जाई. त्यात 40 टक्क्यांहून अधिक अल्कोहोल होतं, चव भयंकर होती आणि दुकानात, वाटेत ते थंड ठेवावं लागे. 1935 साली मुंबईत स्थापन झालेल्या सिप्ला कंपनीनं त्याच औषधाचे दाणे बनवले. कॅप्सूल उघडायची आणि दाणे मऊ भातावर किंवा पेजेवर शिंपडायचे. 2015 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्यांना तात्पुरती मंजुरी दिली. युगांडातल्या अभ्यासात या दाण्यांचा अनुभव शिकवून जाणारा होता. तान्ह्यांच्या आया खूश झाल्या, कारण बाटल्यांचं ओझं गेलं आणि फ्रीजची गरजही संपली. थोड्या मोठ्या मुलांना मात्र दाण्यांची चव आवडली नाही, त्यांना गिळायची गोळीच बरी वाटली. सगळ्यांना मानवेल असं एकच रूप नसतं, वय आणि घर पाहून ते बदलावं लागतं. अनुपानाचाही अर्थ हाच होता.

क्षयाच्या उपचारांत हे महाराष्ट्रानं अनुभवलं आहे. सरकारी कार्यक्रमात पूर्वी मोठ्या माणसाला सुरुवातीचे महिने आठवड्यातून तीनदा, एका बैठकीत सात गोळ्या गिळाव्या लागत. सात गोळ्या एकामागून एक घेताना तिसऱ्या-चौथ्या गोळीला पोट ढवळायला लागतं. 2017 मध्ये रोजच्या उपचारांची पद्धत आली आणि ती आधी सुरू करणाऱ्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. आता चार औषधं एकाच गोळीत असतात आणि सुरुवातीला 35 ते 49 किलोच्या माणसाला रोज तीन गोळ्या पुरतात. मुलांसाठी पाण्यात विरघळणारी, फळाच्या चवीची गोळी जगात 2015 च्या शेवटी आली आणि पुढे आपल्याकडेही. तिच्यामुळे चुरायचा, तुकडे करायचा प्रश्न मिटला. चार किलोच्या बाळाला एक, आठ किलोच्या मुलाला दोन, असा सरळ हिशेब झाला. सहा महिने रोज घ्यायच्या औषधात गोळ्यांची संख्या आणि चव या दोन गोष्टी रोगाइतक्याच निर्णायक असतात, कारण मध्येच सोडलेला क्षयाचा उपचार औषधांना दाद न देणारा क्षय तयार करतो, आणि तो मग घरातल्या दुसऱ्याला होतो.

गावात सगळ्यात जास्त वाटली जाणारी आणि सगळ्यात जास्त फळीवर पडून राहणारी गोळी मात्र दुसरीच आहे. रक्तवाढीची. गरोदर बाईला लाल, शाळेतल्या लहानांना गुलाबी, किशोरींना निळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये आणि सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या शंभरातल्या सुमारे 69 बालकांमध्ये रक्त कमी आढळलं. गोळ्या मिळत नाहीत असं सगळीकडे नाही. त्या घेववत नाहीत, हे मोठं कारण आहे. गोळीला गंजक्या खिळ्यासारखा वास येतो, मळमळतं, पोट जड होतं, शौच काळं होतं. आधीच उलट्यांनी हैराण झालेल्या गरोदर बाईला हे सोसायला सांगायचं आणि नाही सोसलं की 'बाई ऐकत नाही' म्हणायचं, हा अन्याय आहे. काळ्या शौचाची भीती बाळगू नये, ते न पचलेलं लोह आहे, हे वाक्य पहिली पट्टी देतानाच सांगितलं तर कितीतरी गोळ्या वाचतील. रात्री जेवून झाल्यावर गोळी घेतली की मळमळ झोपेत निघून जाते. वर लिंबाचं पाणी प्यायलं तर लोह अधिक शोषलं जातं, चहा प्यायला तर कमी. सकाळी चहाबरोबर गोळी ही आपल्याकडची सर्रास रीत आहे आणि तिनं त्रासही वाढतो, फायदाही घटतो. पट्टीतली गोळी वास धरत नाही, कागदाच्या पुडीत सुटी दिलेली गोळी दमट होऊन लेप सोडते. पुडी की पट्टी हा वरवर क्षुल्लक वाटणारा फरक, पण चार महिन्यांनी बाईचं हिमोग्लोबिन किती असेल, यावर त्याचाही परिणाम होतो.

मोठ्या माणसांच्या गिळण्याचाही प्रश्न आहे, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे तांब्या ओठाला न लावता वरून पाणी पितात. गोळी जिभेवर ठेवायची, मान मागे टाकायची आणि वरून धार सोडायची. साधी गोळी पाण्यापेक्षा जड असते, ती धारेबरोबर जाते. कॅप्सूल मात्र हलकी, ती पाण्यावर तरंगते. मान मागे टाकली की ती पुढे, दातांकडे येते आणि पाणी तेवढं घशात जातं. माणूस घाबरतो, पुन्हा धार सोडतो, ठसका लागतो. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी 2014 मध्ये उलटी युक्ती तपासली. कॅप्सूल जिभेवर ठेवून घोटभर पाणी तोंडात घ्यायचं आणि हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं. तरंगणारी कॅप्सूल आता घशाच्या बाजूला येते. या रीतीनं जवळजवळ 89 टक्के वेळा गिळणं सोपं झालं. याला पैसा लागत नाही, फक्त एकदा करून दाखवावं लागतं. गोळी घेतल्यावर लगेच आडवं होणं हीही अशीच सवय. डॉक्सिसायक्लिनसारखी कॅप्सूल अर्ध्या घोटावर घेऊन माणूस झोपला, तर ती अन्ननलिकेला चिकटते आणि तिथं जखम करते. भरपूर पाणी आणि अर्धा तास बसून राहणं, एवढं पथ्य पुरे. लकव्यानंतर ज्यांना पाणीच गिळता येत नाही त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या तोंडात गोळी आणि पाणी कोंबणं हा थेट धोका आहे, त्यांच्यासाठी डॉक्टरकडून वेगळं रूप मागूनच घ्यावं.

आता आक्षेपांकडे. सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की चवीच्या मागे लागून माणसं मेली आहेत. हे खरं आहे. 1937 मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध मुलांना घेता यावं म्हणून रासबेरीच्या चवीचं पातळ करून विकलं गेलं. ते विरघळवायला वापरलं होतं डायएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे किडनी बंद पाडणारं विष. विक्रीआधी चव, रंग, वास तपासले गेले, विषारीपणा तपासला गेला नाही. शंभराहून अधिक माणसं गेली. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाची भेसळ झालेलं ग्लिसरीन पोटात गेल्यानं 14 रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं औषधखात्याचे वाभाडे काढले. 2025 च्या शरद ऋतूत छिंदवाड्यातली वीसहून अधिक चिमुकली खोकल्याच्या सिरपमधल्या त्याच विषानं गेली. त्यांतल्या कित्येकांना शेवटच्या उपचारांसाठी नागपुरात आणलं होतं. या घटनांनी काळीज हलतं आणि हलायलाच हवं. पण त्या सांगतात काय? विष गोडव्यात नव्हतं, ते द्रावकात होतं, आणि ते न तपासता बाटलीत भरणाऱ्यांच्या बेपर्वाईत होतं. पातळ औषधाला असलं द्रावक लागतं, तिथं भेसळीला वाट मिळते. विरघळणाऱ्या गोळीला ते लागत नाही. तिला फ्रीज नको, मोजायला झाकण नको, फेस बसायची वाट पाहणं नको. म्हणजे गोड करण्याचा आग्रह आणि सिरपचा आग्रह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला दुसऱ्या आग्रहापासून सुटका हवी आहे. शिवाय लहान मुलांच्या साध्या सर्दी-खोकल्याला सिरप बहुतेक वेळा लागतच नाही.

गोड औषध मूल खाऊ समजून संपवेल, ही भीतीही बिनबुडाची नाही. लेपाच्या रंगीत लोहगोळ्या अमेरिकेत एकेकाळी लहान मुलांच्या जीवघेण्या विषबाधेचं मोठं कारण होत्या. गुलाबी गोळी पेपरमिंटसारखीच दिसते. म्हणून चव सुधारताना ध्येय चॉकलेटचं नसावं. कडवटपणा सोसवेल इतका उतरवावा, पुन्हा मागावंसं वाटेल इतकी गोडी आणू नये. एकेक गोळी वेगळी फोडावी लागेल अशी पट्टी असावी आणि ती उंचावर ठेवावी. आणि घरातल्यांनी मुलाला औषध 'गोळी-बिस्किट' म्हणून कधीही देऊ नये. 'हे औषध आहे, थोडं कडू लागेल, मग गुळाचा खडा देते' एवढं खरं सांगितलेलं मुलाला पुष्कळ लवकर समजतं. भाकरीत लपवून दिलेलं औषध एकदा सापडलं, की मूल पुढे भाकरीवरही विश्वास ठेवत नाही.

खर्चाचा आक्षेप सरकारी बैठकांत येतो आणि शिस्तीचा घरात. चांगल्या चवीचं औषध महाग पडतं, गरीब देशाला ही चैन परवडणार नाही, असं म्हटलं जातं. एचआयव्हीबाधित मुलांसाठी स्ट्रॉबेरीच्या चवीची डोल्युटेग्राविरची विरघळणारी गोळी आली, तेव्हा मुलामागे वर्षाचा उपचारखर्च 400 डॉलरहून अधिक होता तो 120 डॉलरच्या आत आला. ती बनवणाऱ्या दोन कंपन्यांत मुंबईची मॅक्लिऑड्स होती. बाटल्यांपेक्षा पट्ट्या हलक्या, वाहतूक स्वस्त, नासाडी कमी, हा हिशेब खरेदीच्या निविदेत धरला जात नाही म्हणून सिरप स्वस्त दिसतं. आणि 'आमच्या वेळी नाक दाबून पाजायचे, काही झालं नाही' असं म्हणणाऱ्यांना एकच सांगणं आहे. नाक दाबलेलं, रडणारं मूल तोंडानं श्वास आत ओढतं आणि त्याच श्वासाबरोबर औषध किंवा गोळीचा तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. जंतनाशक गोळ्यांच्या मोहिमांत मुलं गुदमरल्याच्या घटनांनंतरच लहान मुलांना गोळी चुरून द्या आणि कधीही जबरदस्ती करू नका, असं जागतिक आरोग्य संघटना बजावते.

घरगुती युक्त्यांनी औषध बिघडेल, हा आक्षेप डॉक्टर घेतात आणि त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा टेट्रासायक्लिन दुधा-दह्याबरोबर घेतलं तर कॅल्शियम त्याला धरून ठेवतं. क्षयाचं रिफॅम्पिसिन भरल्या पोटी कमी शोषलं जातं. नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर असलेली गोळी चुरली, तर दिवसभराचा डोस एका तासात अंगात जातो. जठरात फुटू नये म्हणून लेप दिलेली गोळी फोडली तर तो लेप वाया. म्हणूनच तर अनुपान लिहून द्यायला हवं. 'दिवसातून दोन वेळा' एवढं लिहून रुग्णाला मोकळं सोडलं, की तो त्याच्या अकलेनं दूध, चहा, केळं यांतलं काहीतरी शोधणारच. चिठ्ठीवर एक ओळ वाढवली की झालं. ही गोळी चुरून शिऱ्यात चालेल, ही मुळीच चुरू नका, ही दुधाबरोबर नको, ही रिकाम्या पोटी. मराठीत, मोठ्या अक्षरांत.

नांदूरघाटासारख्या गावात याची सुरुवात औषध वाटपाच्या खिडकीवर होऊ शकते. भुकटीच्या बाटलीत पाणी तिथंच, फेस बसू देऊन, खुणेपर्यंत घालून द्यावं. चमच्याऐवजी बिनसुईची सिरिंज द्यावी आणि तिच्यावर मात्रेची रेघ पेनानं ओढून द्यावी, कारण घरातल्या कुठल्याही दोन चमच्यांत सारखं औषध मावत नाही. पहिला डोस तिथंच, बाळाला मांडीवर उभट बसवून, गालाच्या आतल्या बाजूनं थोडा थोडा सोडत आईच्या हातून द्यावा. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरला हे शिकवायला एक दुपार पुरेल. आणि टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास, तोडणीला जाणाऱ्या घरांना आशाताई जे औषध देतील ते शक्यतो विरघळणारं असावं. जुलाबासाठीची झिंकची गोळी तशीच आहे. चमच्यात पाणी किंवा अंगावरचं दूध घ्यायचं, 20 मिलिग्रॅमची एक गोळी टाकायची, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अर्धी. चमचा जरासा हलवला की ती मिनिटभरात दुधाळ होऊन जाते, हलकी गोडसर लागते. 14 दिवसांच्या 14 गोळ्या. ती पट्टी कोपीत उन्हानं खराब होत नाही, बैलगाडीच्या हिसक्यांनी सांडत नाही आणि फडावर जाताना पदराच्या गाठीत मावते.